इमारतींमधून नाशिकचा बहुसांस्कृतिक वारसा दाखवायचा असेल, तर सुरुवात कोठून करावी?

गंगापूररोडकर (प्रश्न)

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो आणि द्वितीय वर्षाच्या ३५ विद्यार्थ्यांना घेऊन एका शनिवार-रविवारी नाशिक शहरातच अभ्यासफेरी काढण्याचा माझा विचार आहे. विद्यार्थी बहुतेक येथलेच असल्यामुळे त्यांना गोदाघाट, काळाराम मंदिर आणि पांडवलेणी ठाऊक आहेत, पण ती त्यांना जशी घरातील जुने कपाट ठाऊक असते तशी ठाऊक आहेत; ते उघडून पाहण्याची गरज कोणाला वाटलेली नाही. नाशिक म्हणजे देवळांचे गाव, सिंहस्थाचे गाव, आणि अलीकडे द्राक्षांचे गाव, एवढ्यावर त्यांची समजूत थांबते. या गावात वेगवेगळ्या भाषांची, धर्मांची आणि देशांची माणसे दोन हजार वर्षे येत राहिली, राहिली, आणि काहीतरी बांधून गेली, हे मला त्यांना पुस्तकातून न सांगता दगडातून आणि लाकडातून दाखवायचे आहे.

अडचण अशी आहे की मागील वर्षी मी असाच प्रयत्न केला होता आणि तो फसला. त्या वेळी मी एक मंदिर, एक मशीद, एक चर्च, एक विहार अशी यादी केली आणि प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटे थांबलो. सायंकाळी एका विद्यार्थिनीने मला सरळ विचारले, “सर, ही सगळी ठिकाणे एका गावात आहेत एवढेच आपण दाखवले, त्यांचा एकमेकांशी संबंध काय?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी सर्वधर्मसमभावाचे एक वाक्य बोलून वेळ मारून नेली आणि त्याची मला अजूनही लाज वाटते.

म्हणून विचारतो की, या वेळी कोणत्या इमारती घ्याव्यात, त्यांत नेमके काय दाखवावे, आणि कोणत्या क्रमाने जावे? दोन दिवसांत सहासात ठिकाणांपेक्षा अधिक नकोत. चालण्याची तयारी आहे, आणि शहराबाहेर जाण्यासाठी महाविद्यालयाची बस एका दिवसापुरती मिळेल. सिंहस्थाच्या तयारीमुळे घाटाच्या बाजूला वर्दळ आणि कामे दोन्ही वाढलेली आहेत, तेही लक्षात घेऊन सांगावे.

लेणीवाचक

सर, आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न फार चांगला आहे आणि त्याचे उत्तर पांडवलेण्यांतच कोरलेले आहे, म्हणून सुरुवात तेथूनच करावी असे माझे मत आहे. लेण्यांचे जुने नाव त्रिरश्मी. पांडवांशी त्यांचा काही संबंध नाही. एकूण २४ लेणी आहेत, पण चोवीसही दाखवण्याच्या भानगडीत पडू नका. क्रमांक ३, १०, १७ आणि १८ एवढी चार नीट वाचली तरी सकाळ पुरणार नाही.

आधी १८ क्रमांकाच्या चैत्यगृहापाशी, म्हणजे प्रार्थनागृहापाशी, उभे राहावे. त्याच्या दर्शनी भागावरील लेखात “नासिककनं धंभिकगामस दानं” अशी अक्षरे आहेत. लिपी ब्राह्मी आणि भाषा प्राकृत असली तरी देवनागरीत लिहून दिल्यास मराठी मुलांना त्यातील ‘गाम’ आणि ‘दान’ हे शब्द कोणी न सांगता कळतात, आणि आपल्या गावाचे नाव दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडावर वाचताना त्यांचे चेहरे कसे बदलतात ते मी अनेकदा पाहिले आहे. शेजारच्या १९ क्रमांकाच्या छोट्या लेण्यात सातवाहन कुळातील कान्ह राजाचे नाव आहे; येथील कोरीवकामात ते सर्वांत जुन्यांपैकी मानले जाते. तेथे पाच मिनिटे पुरेत.

मग १७ क्रमांक. हे लेणे कोणी कोरवले? धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त याने. लेखात तो स्वतःला उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा राहणारा आणि ‘योणक’ म्हणजे यवन (त्या काळच्या अर्थाने ग्रीक) म्हणवतो. दत्तामित्री हे गाव ग्रीक राजा डिमिट्रियस याच्या नावावरून वसलेले असावे, असे अभ्यासक मानतात. म्हणजे नाव इंद्र आणि अग्नी यांच्यावरून घेतलेले, वंश यवनांचा, त्याच्या बापाचे आणि त्याच्या मुलाचे नाव धम्मावरून, आणि दान बौद्ध भिक्षूंना. या माणसाला आपल्या आजच्या कोणत्या रकान्यात बसवायचे, हा प्रश्न विद्यार्थ्यांना लेण्याच्या ओसरीत बसवून विचारावा आणि उत्तराची घाई करू नये.

त्यानंतर १० क्रमांक, म्हणजे नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचे लेणे. उषवदात शक, म्हणजे मध्य आशियातून आलेल्या लोकांपैकी, होता. त्याच्या लेखात ब्राह्मणांना दिलेल्या गाईंचा, नद्यांवर ठेवलेल्या फुकट तरींचा आणि भिक्षूंसाठी कोरवलेल्या या लेण्याचा उल्लेख एकापाठोपाठ येतो, आणि त्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो त्याचा पैशाचा हिशेब. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) २००० कार्षापण (त्या काळची नाणी) दरमहा शेकडा एक या व्याजाने ठेवले आणि त्या व्याजातून वर्षावासाला (पावसाळ्यातील मुक्कामाला) राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापणांचे चीवर (वस्त्र) द्यावे असे ठरवले. मुलांना गणित करायला सांगा: दोन हजारांवर महिन्याला २०, वर्षाला २४०, आणि वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ म्हणजेही २४०. दुसऱ्या एका श्रेणीकडे १००० कार्षापण पाऊण टक्क्याने ठेवले होते. मूळ रक्कम परत द्यायची नाही, फक्त व्याज वापरायचे, आणि हा व्यवहार निगमसभेत (नगरसभेत) वाचून दाखवून फलकावर नोंदवायचा, असे लेखच सांगतो. परक्या वंशाचा सत्ताधारी, स्थानिक विणकर आणि बौद्ध संघ हे तिघे एका ठेवपावतीने बांधले गेले होते, असे म्हटले तर वावगे होणार नाही. याच लेण्याच्या अंगणात आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातील एक लेख आहे, ज्यात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी कुंभार, तेली इत्यादींच्या श्रेणींकडे रक्कम ठेवल्याची नोंद आहे. तीही ठेवच.

आणि शेवटी ३ क्रमांक. येथे गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी कोरलेला. त्यात ती आपल्या मुलाचा गौरव शक, यवन आणि पह्लव यांचा संहार करणारा, क्षहरातांचा (नहपानाच्या कुळाचा) वंश निःशेष करणारा आणि ‘एकबम्हण’ (अद्वितीय ब्राह्मण) अशा शब्दांत करते, आणि हे सगळे सांगून लेणे दान देते ते भद्रायणीय या बौद्ध पंथाच्या भिक्षूंच्या संघाला. लेण्याच्या ओसरीचा भार खाली बसलेल्या सहा यक्षांनी खांद्यावर पेलला आहे आणि त्याचा आराखडा शत्रूच्या, म्हणजे १० क्रमांकाच्या, लेण्यावरून बेतलेला आहे. क्षहरातांचा वंश संपवणाऱ्याच्या घरानेही त्यांच्या लेण्याची मांडणी मात्र उचलली, आणि यवनांचा संहार सांगणारा लेख ज्या डोंगरात आहे त्याच डोंगरात यवनाचे लेणे आहे. आपण ज्याला बहुसांस्कृतिक म्हणतो ते नेहमी गोडीगुलाबीचे नव्हते, हे या दोन लेण्यांमध्ये चालत जाताना कळते.

जाता जाता ११ क्रमांकातील ऋषभनाथांची छोटी जैन मूर्ती दाखवावी. ती पुष्कळ नंतरची आहे. चढ पायऱ्यांचा आहे, उन्हाळ्यात सकाळी साडेआठच्या आत वर पोचलेले बरे.

तांबट लेनचा जुना रहिवासी

लेणीवाचकांनी लिहिलेले वाचून मीही येत्या रविवारी पुन्हा वर जाणार आहे. मी गावातल्या, म्हणजे जुन्या नाशकातल्या आणि पंचवटीतल्या, इमारतींविषयी लिहितो.

सर, आपण दुसऱ्या दिवशी रविवार कारंजावरून निघावे. अहिल्याबाई होळकर पुलाच्या तोंडाशीच सुंदरनारायण मंदिर आहे. ते १७५६ मध्ये गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधले. हे होळकरांचे दिवाण. वसंतसंपाताच्या सुमारास, २१ मार्चला, सूर्याची पहिली किरणे मूर्तीवर पडतात म्हणून ते प्रसिद्ध आहे आणि वर्तमानपत्रात दरवर्षी तेवढेच छापून येते. पण आपल्या विषयासाठी तिन्ही बाजूंच्या ओसऱ्या पाहाव्यात. त्यांच्या कमानी पाकळ्यापाकळ्यांच्या आहेत, सज्जे आहेत, आणि वर कांद्यासारखे फुगीर घुमट आहेत. सज्जा आणि कमान एवढेच पाहिले तर आपण एखाद्या मोगल बागेतील बारादरीत उभे आहोत असे वाटेल. नजर वर नेली की शिखर नागर पद्धतीचे. इस्लामी स्थापत्याचा हिंदू मंदिरावर पडलेला इतका स्पष्ट प्रभाव नाशकात दुसरीकडे दिसत नाही.

पूल ओलांडून रामकुंडाकडे उतरले की गंगेच्या काठी (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, बाहेरच्या वाचकांनी गोंधळू नये) नारोशंकराचे देऊळ दिसते. खरे नाव रामेश्वर मंदिर, पण ते कोणी घेत नाही. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी ते १७४७ मध्ये बांधले. नारोशंकर हे झाशीचे सुभेदार होते आणि झाशीच्या किल्ल्याचा शंकरगड म्हणून ओळखला जाणारा भाग त्यांच्याच नावाचा आहे. मालेगावचा भुईकोटही त्यांचाच. तेव्हा या देवळाच्या प्राकाराच्या कोपऱ्यांवर ज्या छत्र्या आहेत, त्यांत बुंदेलखंडाची आठवण आहे असे मला नेहमी वाटत आले आहे. तो माझा कयास समजावा.

आता घंटा. प्राकाराच्या भिंतीवर उंच बसवलेली ही घंटा सुमारे सहा फूट व्यासाची आहे आणि तिच्यावर १७२१ हे साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा तेथील पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठे सरदारांनी आपापल्या देवस्थानांना नेऊन वाहिल्या, त्यांपैकीच ही एक समजली जाते. महाराष्ट्रातील आणखी काही देवळांत अशा घंटा आहेत. ज्या घंटेने वसईच्या भाविकांना प्रार्थनेला बोलावले असेल, ती पुढे पावणेतीनशे वर्षे महादेवाच्या देवळावर टांगलेली राहिली आणि गोदेला मोठा पूर आला की पाणी कोठवर चढले हे सांगण्याचे माप झाली. माझे आजोबा “घंटेला पाणी लागलं” एवढेच म्हणत आणि घरातील बायका धान्याच्या कोठ्या वर हलवायला लागत. आता त्या मापाचा मान नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे गेला आहे. मुलांना मात्र घंटा दुर्बिणीतून दाखवा. खालून नुसत्या डोळ्यांनी काही कळत नाही.

परत फिरताना सराफ बाजारातला सरकारवाडा घ्यावा. पेशवाईतली वास्तू, पुढे इंग्रजांच्या कचेऱ्या, आणि आता पुरातत्त्व खात्याकडे. आज सरकारवाडा पोलीस ठाणे हे नाव नाशिककर रोज घेतात, पण वाडा पाहिलेले थोडेच. १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय जवळच टिळकपथावर आहे. त्याच्या वस्तुसंग्रहालयासाठी आधी पत्र देऊन ठेवा. देवळाली छावणी वेळेअभावी सोडावी लागेल, तरी बसमध्ये एवढे सांगा की मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथे महिनोन्‌महिने अडकून पडलेल्या गोऱ्या सोल्जरांमुळे ‘डूलाली’ हा भ्रमिष्ट अशा अर्थाचा शब्द इंग्रजीत रूढ झाला. मुले हसतील आणि लक्षात ठेवतील.

पिंजारघाटचा वाचक

तांबट लेनच्या काकांचे लेखन नेहमीप्रमाणे जिवंत आहे, पण एका वाक्याला माझी नम्र हरकत आहे. सुंदरनारायणाच्या कमानींना “इस्लामी स्थापत्याचा हिंदू मंदिरावर पडलेला प्रभाव” म्हटले की असे वाटते, जणू दोन वेगळ्या पेट्या होत्या आणि एकीतून काही दुसरीत सांडले. १७५६ पर्यंत पाकळ्यांची कमान दख्खनेतील आणि उत्तरेतील गवंड्यांच्या हातात शेकडो वर्षे मुरलेली होती. ती वाड्याच्या दिवाणखान्यात होती, मशिदीत होती, बारवेवर होती आणि देवळाच्या ओसरीवरही होती. जो कारागीर ती घडवत होता त्याच्या दृष्टीने ती त्याच्या धंद्याची रीत होती. विद्यार्थ्यांना “हे कोणाकडून घेतले” असे विचारण्याऐवजी “हे घडवणारे कोण होते, ते आणखी काय काय घडवत होते” असे विचारावे, असे मला सुचवावेसे वाटते.

दुसरी सूचना अशी की, इमारतींच्या मधल्या गल्ल्यांची नावे सोडू नका. मोगलांच्या काळात या शहराचे नाव गुलशनाबाद होते आणि पेशव्यांच्या काळात नाशिक हे नाव पुन्हा रूढ झाले. ते मोठे नाव गेले, पण लहान नावे राहिली. माझा पिंजारघाट कापूस पिंजणाऱ्यांचा, काकांची लेन तांबटांची, कोकणीपुरा कोकणातून आलेल्या मुसलमानांचा. पुढे काझीपुरा आहे, बोहरपट्टी आहे. सरकारवाड्यापासून चालत पिंजारघाटापर्यंत आलात तर यांपैकी निम्मी नावे दुकानांच्या पाट्यांवर वाचायला मिळतील.

पिंजारघाटावर हजरत सय्यद सादिकशाह हुसैनी यांची बडी दर्गा आहे. गुरुवारी सायंकाळी येथे गर्दी असते, म्हणून अभ्यासासाठी रविवारची सकाळ बरी. डोके झाकायला मुलामुलींनी रुमाल किंवा ओढणी आणावी, आत छायाचित्रे काढण्यापूर्वी विचारावे, आणि बाहेर फुले विकणाऱ्यांशी दोन शब्द बोलावेत. दर्ग्याला येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक चेहरे त्यांच्या ओळखीचे असतात, आणि त्या चेहऱ्यांची आडनावे कोणत्या एका धर्माची नसतात. मागील वर्षी आपण वीस मिनिटे थांबलात ती मशीद कोणती ते मी विचारत नाही. पण वीस मिनिटांत चहासुद्धा होत नाही, सर.

दिंडोरीकर

वरील सर्व माहिती उत्तम आहे, पण कोणीही काळाराम मंदिराचे नाव घेतलेले नाही, आणि त्याचे कारण मला कळते. बहुसांस्कृतिक वारसा म्हटले की आपल्याला घंटा, कमानी आणि दर्गा आठवतात, कारण त्या गोष्टी ऐकताना बरे वाटते. काळारामाची गोष्ट ऐकताना बरे वाटत नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकर यांनी हे मंदिर बांधले, त्यासाठी काळा दगड रामशेजच्या डोंगरातून आणला, आणि भोवती उंच प्राकार घालून चारही दिशांना दरवाजे ठेवले. स्थापत्य म्हणून ते भव्य आहे यात शंका नाही. परंतु विद्यार्थ्यांना सभामंडपात नेण्यापूर्वी दरवाजाबाहेर उभे करावे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली येथे प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, त्याची स्थानिक धुरा आमच्या दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी वाहिली, आणि हजारो स्त्रीपुरुष चारही दरवाजांसमोर बसले. दरवाजे बंद करून घेण्यात आले. त्याच वर्षी रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली. सत्याग्रह जवळपास पाच वर्षे चालला आणि मंदिर उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

माझे म्हणणे असे की चार दरवाजांची ही वास्तू पाहताना प्रत्येक दरवाजा कोणासाठी उघडा होता, हा प्रश्न स्थापत्याच्या बाहेरचा मानू नये. उंच भिंत, अरुंद प्रवेश आणि आतले प्रशस्त अंगण ही रचनाच कोणाला आत घ्यायचे हे ठरवण्यासाठी उपयोगी पडली. आणि आणखी एक. लेणीवाचकांनी सुचवलेल्या त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी आज बुद्धविहार आहे आणि तेथे दर रविवारी कुटुंबेच्या कुटुंबे येतात. काळारामाच्या दरवाजापासून त्रिरश्मीच्या पायथ्यापर्यंतचे अंतर किलोमीटरमध्ये मोजले तर थोडे आहे. फेरीत ही दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी असावीत, असा माझा आग्रह आहे.

तांबट लेनचा जुना रहिवासी

दिंडोरीकर, आपला मुद्दा मान्य. काळाराम माझ्याकडून सुटले ते विसरून नव्हे. “ते तर सर्वांना ठाऊकच आहे” असे मी मनाशी म्हटले, आणि सरांनी कपाटाचा जो दाखला दिला आहे तो मलाच लागू पडला. पिंजारघाटकर, कमानीविषयीही आपले म्हणणे घेतो. ‘प्रभाव’ हा शब्द मी मागे घेतो.

शरणपूरची लेक

माझे बालपण शरणपूर रस्त्याजवळ गेले आणि माझ्या आजीचे शिक्षण मिशनच्या शाळेत झाले, म्हणून या धाग्यात थोडी भर घालते.

शरणपूर हे नाव नाशिककर दिवसातून दहा वेळा घेतात. बँक शरणपूर रोडला, दवाखाना शरणपूर रोडला. पण शरण आलेले कोण, हे विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी गावाबाहेर ही ख्रिस्ती वसाहत उभारली, आणि तेथे आश्रय मिळालेल्यांत आफ्रिकेतील मुलेमुली होती. हिंदी महासागरात गुलामांचा व्यापार करणारी अरबी गलबते इंग्रजी आरमार अडवत असे, आणि त्यांवरून सोडवलेल्या मुलांपैकी काहींना मुंबईहून नाशिकला पाठवले जाई. येथे त्यांना वाचन-लेखनाबरोबर सुतारकाम, लोहारकाम असे धंदे शिकवत. इंग्रजी कागदपत्रांत या मुलांना ‘नासिक बॉइज’ म्हटलेले आहे.

आफ्रिकेत शोधप्रवास करणारा डेव्हिड लिव्हिंगस्टन आपल्या शेवटच्या प्रवासासाठी निघाला तेव्हा त्याने यांपैकी नऊ तरुण बरोबर घेतले होते. नंतर त्याच्या मदतीसाठी गेलेल्या तुकडीत जेकब वेनराइट हा शरणपुरात शिकलेला तरुण होता. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आजच्या झांबियातील चितांबो गावी मरण पावला. तेव्हा त्याच्या सहकाऱ्यांनी त्याचे शव महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणले. ज्या झाडाखाली त्याचे हृदय पुरले त्या झाडावर अक्षरे कोरली ती जेकबने, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी नेणाऱ्यांतही तो होता. पुढे लगेचच प्राइस आफ्रिकेत गेले आणि मोंबासाजवळ फ्रेअर टाऊन ही वसाहत उभी राहिली, जिला मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचे नाव दिले गेले. नाशकात शिकलेले कितीतरी आफ्रिकी तरुण आणि त्यांचे संसार तिकडे गेले, म्हणून आज येथे त्यांच्या खुणा फारशा दिसत नाहीत.

सर, येथे पाहण्यासारखी वास्तू कोणती असे विचाराल तर शरणपूर रस्त्यावरचे संत आंद्रिया चर्च आहे, जेथे उपासना मराठीत होते. रविवारी उपासनेच्या वेळी मुलांना मागच्या बाकांवर शांत बसू द्यावे. मराठी ख्रिस्ती गीते ऐकताना त्यांना अभंगाची चाल ओळखीची वाटेल आणि ते त्यांनी स्वतःच ओळखलेले बरे. रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा, हेही सांगावे. नाशिकरोडचे बाळ येशूचे मंदिर मात्र निराळ्या, कॅथलिक परंपरेतले आहे. फेब्रुवारीत तेथे यात्रा भरते आणि नवस फेडायला येणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक असतात. ‘मंदिर’ आणि ‘यात्रा’ हे दोन्ही शब्द तेथे सहज वापरले जातात.

मागील वर्षीच्या आपल्या यादीत चर्च होते असे आपण लिहिले आहे. त्याच्या जागी शरणपूर ठेवून पाहा. आपल्या विद्यार्थिनीला जो संबंध हवा होता, तो येथून झांझिबारपर्यंत जातो.

लेणीवाचक

शरणपूरच्या ताईंचे लेखन वाचून मला इंद्राग्निदत्त आठवला. दूरदेशी जन्मलेला आणखी एक माणूस, नाशकात आल्यावर येथील नाव-गावाशी जोडला गेलेला. फरक एवढाच की इंद्राग्निदत्ताकडे लेणे कोरवण्याइतके धन होते आणि जेकबला झाडाच्या सालीवर लिहावे लागले, तेही दुसऱ्याच्या मृत्यूचे. सर, आपण पहिल्या दिवशी लेणी आणि शरणपूर घेतलेत तर बसचा उपयोग होईल, आणि दिंडोरीकरांच्या आग्रहाप्रमाणे काळारामही त्याच सायंकाळी बसवता येईल.

गंगापूररोडकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आपल्या उत्तरांवरून मी आराखडा बदलला आहे. शनिवारी सकाळी त्रिरश्मी, तेही फक्त चार लेणी आणि ठेवींचे गणित, दुपारी शरणपूर, सायंकाळी काळारामाच्या पूर्व दरवाजाबाहेर. उपासना रविवारी असल्यामुळे ज्यांना चर्चमध्ये बसायचे आहे त्या विद्यार्थ्यांचा एक गट दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतंत्र जाईल आणि आम्हाला सरकारवाड्यापाशी येऊन मिळेल. रविवारी सुंदरनारायण, नारोशंकर, सरकारवाडा आणि गल्ल्यांची नावे वाचत पिंजारघाट. देवळालीचा शब्द बसमध्ये. वाचनालयाचे वस्तुसंग्रहालय या खेपेला सोडतो.

धर्मानुसार यादी करण्याऐवजी प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न ठेवणार आहे: ही वस्तू येथे कोणी आणली, तो कोठून आला होता, आणि त्याला आत कोणी येऊ दिले. दिंडोरीकरांमुळे शेवटचा भाग त्यात आला. ज्या विद्यार्थिनीने मागील वर्षी प्रश्न विचारला होता तिलाच लेख वाचून दाखवण्याचे काम दिले आहे. ‘नासिककनं’चा उच्चार ती आतापासून घोकते आहे.

एक व्यावहारिक अडचण उरली. महाविद्यालयाकडे दुर्बीण नाही. ३५ जणांना घंटेवरचे साल दाखवायचे तर काय करावे?

तांबट लेनचा जुना रहिवासी

माझ्याकडे पक्षी पाहण्याची एक आहे आणि पिंजारघाटकरांकडे दुसरी असल्याचे मला ठाऊक आहे. दोन्ही घेऊन आम्ही रविवारी नऊ वाजता सुंदरनारायणाच्या पायरीवर बसतो. घंटेसमोर रांग लावावी लागेल, तेव्हा उन्हे वर येण्याआधी पोचा, आणि मुलांना सांगा की दुर्बिणीची दोरी गळ्यात अडकवल्याशिवाय हात लावायचा नाही. मागे एकाने ती रामकुंडात पाडली होती.

पिंजारघाटचा वाचक

ती माझी होती, काका. आणि पाडणारेही आपणच होतात.